साच्याची आतली बाजू

पेणजवळच्या एका गावातील विद्यार्थिनीने काही प्रश्न विचारले आहेत. मुंबईतल्या एका कला महाविद्यालयात रेखा व रंगकला शाखेच्या तिसऱ्या वर्षाला असताना गेल्या दिवाळीनंतर तिने शिक्षण थांबवले आणि ती घरी परतली. होळीपर्यंत तिने पेन्सिल हातात धरली नाही. पुढे घरच्यांच्या आग्रहावरून ती काकांच्या गणपतीच्या कारखान्यात जाऊ लागली. आधी मूर्ती घासण्याचे काम, मग अंगाचा रंग, आणि आषाढ लागल्यावर काही लहान मूर्तींच्या डोळ्यांची आखणीही काकांनी तिच्याकडे सोपवली. त्याच दिवसांत रात्रीची जेवणे उरकल्यावर ती हिशेबाच्या एका जुन्या वहीत चित्रे काढू लागली. आता विसर्जन होऊन गेले आहे, कारखाना रिकामा आहे, वही मात्र थांबलेली नाही. चित्रकलेचे प्रेम खरोखर परत आले आहे की परीक्षा नाही म्हणून नुसते हलके वाटते आहे, येत्या जूनमध्ये महाविद्यालयात परत जावे का, आणि गेल्यावर सगळे पुन्हा विझले तर काय करावे, असे तिचे तीन प्रश्न आहेत. वही काकांना दाखवावी की नाही, हा चौथा प्रश्न तिने पत्राच्या शेवटी जाता जाता विचारला आहे. सोबत वहीतल्या अकरा पानांची छायाचित्रे आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच हकिगतीत आहे. परीक्षा नसल्याचा हलकेपणा तुम्हाला दिवाळीनंतर लगेच मिळाला होता, आणि त्या चार महिन्यांत तुम्ही एक रेघही ओढली नाही. सुटका झाली की माणूस झोपतो, भटकतो, मोबाइल बघत बसतो. हिशेबाच्या वहीत मूर्तीचा साचा काढायला बसत नाही. हंगाम संपल्यावर, कोणी बोलावलेले नसताना, रिकाम्या कारखान्यात दिवा लावून तुम्ही जाऊन बसता, याला चित्राखेरीज दुसरे कारण मला दिसत नाही. तेव्हा ते खरे आहे असे धरून चालावे. ‘प्रेम’ हा शब्द मात्र मी तूर्त बाजूला ठेवीन. तो शब्द वापरला की ते आहे की नाही हे रोज सकाळी तपासून पाहण्याची खोड लागते, आणि तपासण्यातच सकाळ जाते. तुमच्याकडे परत आले आहे ते लक्ष आहे. एखाद्या वस्तूकडे वीस मिनिटे, दुसरा कसलाही विचार मनात न येता पाहता येणे, ही चित्रकाराची मूळ पुंजी असते. तीच तुमची संपली होती.

ती का संपली, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काही बोलता येणार नाही. आपल्याकडे चित्रकलेकडे वळणाऱ्या बहुतेक मुलांची वाट ठरलेली असते. शाळेत चित्रकलेचे सर कौतुक करतात, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय परीक्षांत श्रेणी मिळते, वर्गात फळा सजवायचा असला की हिलाच बोलावतात. मग पायाभूत वर्ष, मग स्टिल लाइफ, हेड स्टडी, कॉम्पोझिशन, आणि प्रत्येक शीटवर कोपऱ्यात लाल शाईचे गुण. सबमिशनच्या आदल्या रात्री वसतिगृहाच्या व्हरांड्यात सगळी तुकडी हेअर ड्रायरने रंग वाळवत बसते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे, आणि त्या रात्रींची गंमतही मला मान्य आहे. परंतु तिसऱ्या वर्षापर्यंत अशी किमान दोनशे कामे होतात, की ज्यांतले प्रत्येक काम कोणाला तरी दाखवण्यासाठी केलेले असते. न दाखवण्याचे एकही काम त्यात नसते. हात तयार होतो, पण कागदावर पहिली रेघ पडण्याआधीच परीक्षकाचा चेहरा मनात येऊन बसतो.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला एक प्रयोग 1973 साली प्रसिद्ध झाला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी तो केला होता. ज्या मुलांना मुळातच रंगीत पेनांनी चित्रे काढायला आवडत होते, त्यांतल्या काहींना चित्र काढल्यास बक्षीस मिळेल असे आधी सांगितले, काहींना चित्र काढून झाल्यावर अनपेक्षितपणे तेच बक्षीस दिले, आणि काहींना काहीच दिले नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत कोण किती चित्रे काढतो ते पाहिले, तेव्हा बक्षिसाच्या अपेक्षेने चित्र काढलेली मुले बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांकडे वळली. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्या मुलांवर तसा परिणाम झाला नाही, हा भाग लोक सांगायचा विसरतात. म्हणजे कौतुकाने किंवा बक्षिसाने नुकसान होत नाही. त्याच्याकडे डोळे लावून काम करण्याची सवय लागली की होते. चित्रकलेतले प्रश्न प्रयोगशाळेत सोडवावेत असे माझे मत नाही, पण हा प्रयोग माझ्या मनात रुतून बसला, कारण सत्तावीस वर्षे ते लाल शाईचे पेन माझ्याच हातात होते.

मी स्वतः पदविकेच्या चौथ्या वर्षाला असताना शिक्षण सोडून घरी गेलो होतो. निमित्त अगदी क्षुल्लक होते. पोर्ट्रेटच्या तासाला एका शिक्षकांनी माझे अर्धे झालेले काम सगळ्या वर्गासमोर टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसले आणि ‘आता नव्याने बघ’ एवढेच म्हणाले. ते वाक्य चुकीचे नव्हते, हे मला फार उशिरा कळले. तेव्हा मात्र मी गाशा गुंडाळला आणि तालुक्याच्या गावी एका बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकडे कामाला लागलो. फ्लेक्स यायला अजून बरीच वर्षे होती. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे फाळके, भिंतींवरच्या बियाण्यांच्या आणि विड्यांच्या जाहिराती, सगळे हातानेच होत असे. पहिले दोन महिने मी फक्त निळीची दोरी धरली. दोघांनी दोन टोके ताणून धरायची, मध्ये चिमटीत उचलून सोडायची, की भिंतीवर सरळ निळी रेघ उमटते. मग चपट्या ब्रशने शिरोरेषा, मग काने, मग वळणे. ‘किराणा’मधला ‘ण’ चुकला तर दुकानदार येऊन म्हणायचा, ‘पेंटर, हे वाचायला येत नाही.’ माझ्या कामावर तीन वर्षांत झालेली ती पहिली टीका होती, की जी मला लगेच समजली आणि लगेच दुरुस्त करता आली.

तुमच्या कारखान्यातही हेच घडले असावे. मूर्ती घासताना किती घासायचे हे बोटाला कळते; अंगाचा रंग एकसारखा बसला की नाही हे उजेडात धरले की दिसते; काम कुठे संपते हे ठरलेले असते. डोळ्यांची आखणी हे सर्वांत शेवटचे आणि सर्वांत कसबी हाताकडे जाणारे काम आहे, त्यामुळे ते मिळाल्यावर तुमच्या मनाला जो आधार वाटला असेल तो कोणत्याही ज्युरीच्या, म्हणजे कामे तपासणाऱ्या परीक्षकांच्या, शेऱ्यापेक्षा मोठा असणार, हे उघड आहे. त्या कामात ‘यामागची संकल्पना काय’ असे कोणी विचारत नाही. ओळीत चाळीस मूर्ती उभ्या आहेत, बाजूला कोणीतरी सोंडेवर नक्षी काढते आहे, रेडिओ चालू आहे, आणि तुम्हाला वरच्या पापणीची एक रेघ श्वास रोखून, बारीकपासून जाड आणि जाडपासून बारीक, अशी एका दमात न्यायची आहे. अशी हजार वेळा केलेली रेघ मनातल्या परीक्षकाला हळूहळू बाहेर घालवते, कारण त्याला बसायला जागाच उरत नाही.

परंतु इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, आणि ती तुम्हाला कदाचित आवडणार नाही. आखणीच्या रेघेतली सफाई तुमच्या हाताची असली तरी ते रूप तुमचे नाही. ते साच्याचे आहे, परंपरेचे आहे, गिऱ्हाइकाच्या अपेक्षेचे आहे. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रांपैकी पहिली चार पाने मला याच कारणाने कमी पटली. त्यांत गणपती आहेत, सुरेख आहेत, रेघ कुठेही अडखळलेली नाही, आणि नेमके तेच अडचणीचे आहे. पाचव्या पानावर पायावर पाय टाकून बसलेल्या कामगाराचा गुडघासुद्धा तुम्ही पापणीसारखा काढला आहे, म्हणजे टोकाला निमुळता आणि मध्ये फुगीर. हाताला सवयीची झालेली रेघ न विचारता सगळीकडे शिरते. पाट्या रंगवून परत आल्यावर मीही दोन वर्षे माणसांची कोपरे ‘क’च्या वळणासारखी काढत होतो, आणि कोणी दाखवून दिले की त्याला माझी शैली म्हणत होतो.

सातव्या पानापासून दहाव्या पानापर्यंत मात्र वेगळेच काही सुरू होते, आणि हे उत्तर इतके लांबण्याचे कारण ती चार पानेच आहेत. तिथे तुम्ही मूर्ती सोडून रिकामे साचे काढले आहेत. उघडून ठेवलेला अर्धा साचा, त्यात पोटाच्या जागी खड्डा, सोंडेच्या जागी पन्हळ, कानाच्या जागी उथळ बशी. आठव्या पानावर उजेड कुठून येतो ते तुम्हाला ठरवता आलेले नाही, तीनदा खोडलेले दिसते, आणि तरीही ते अकरा पानांतले सर्वांत चांगले पान आहे, कारण तिथे हाताला ठाऊक नसलेल्या गोष्टीकडे डोळा पाहतो आहे. तुम्ही पत्रात त्या पानाबद्दल ‘हे जमले नाही’ असे लिहिले आहे. ते जमले नाही हे खरे आहे, पण न जमण्याचे कारण तुमच्या हाताच्या कमकुवतपणात नसून मानवी दृष्टीच्या एका गमतीत आहे, म्हणून ते समजून घ्या.

आपल्या डोळ्यांना चेहरे बाहेर आलेलेच पाहायची इतकी सवय असते, की मुखवट्याची पोकळ, आतली बाजू जरा अंतरावरून एका डोळ्याने पाहिली तर तीही उठावदार दिसू लागते. नाक आत गेलेले असूनही बाहेर आल्यासारखे वाटते. मेंदू त्यासाठी उजेडाची दिशासुद्धा उलटी मानून घेतो. वरून उजेड येत असेल तर उठावदार नाकाची सावली खाली पडते, पण पोकळ साच्यात नाकाच्या खळग्याची वरची कड अंधारात जाते आणि खालचा उतार उजळतो. म्हणजे पोकळ चेहरा वरच्या उजेडात नेमका तसाच दिसतो, जसा उठावदार चेहरा खालून दिवा लावल्यावर दिसेल. तुम्ही आठव्या पानावर खोडाखोड केलीत ती इथेच, कारण डोळा एक सांगत होता आणि शाळेपासून शिकलेले छायाप्रकाशाचे नियम दुसरे सांगत होते.

तेव्हा जूनपर्यंतच्या आठ महिन्यांत काय करावे, असे विचाराल तर माझे म्हणणे असे आहे की साचेच काढा, पण काही काळ रेघ बंद ठेवून काढा. खाकी कागद घ्या, म्हणजे सामान गुंडाळायला वापरतात तो साधा तपकिरी कागद. त्यावर कोळशाची कांडी आडवी धरून फक्त अंधाराचे आकार भरा, आणि उजेडासाठी पांढरा खडू वापरा. कागदाचा स्वतःचा रंग मधली छटा म्हणून तसाच राहू द्या. बाह्यरेषा काढायची नाही, कड तयार झाली तर ती दोन छटा भेटल्यामुळे झाली पाहिजे. चुकले तर खोडरबर नको, फडक्याने झटकायचे. निदान चार आठवडे असे झाले की पापणीची रेघ हातातून बरीचशी उतरलेली असेल; मग ब्रश आणि शाई घेतली तरी चालेल. उजेड एकाच बाजूचा ठेवा. कारखान्याच्या दारातून सकाळी येणारा तिरका उजेड ट्यूबलाइटपेक्षा पुष्कळ बरा, आणि पावसाळा सरल्यावरच्या या दिवसांत तो स्वच्छही असतो. एकच साचा सकाळी, दुपारी आणि दिव्याखाली, असा तीनदा काढून पाहा. मोठा कागद घेण्याची घाई करू नका, पण हिशेबाच्या वहीच्या छापील रेघा आता तुमच्या छटांच्या आड येत आहेत, तेवढी वही बदला.

याच काळात एक दिवस काढून अलिबागजवळच्या सासवन्याला जाऊन या. विनायक पांडुरंग करमरकर हे शिल्पकार 1891 साली तिथे जन्मले आणि त्यांच्या घरी गणपतीच्या मूर्ती घडवल्या जात असत, म्हणजे ज्या मातीत तुम्ही बसला आहात तिथूनच ते निघाले. त्यांचे कसब त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडले, त्यांच्या मदतीने ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, आणि पुढे पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांनी घडवला, ज्याचे अनावरण 1928 साली झाले. सासवन्याच्या त्यांच्या घरी आता संग्रहालय आहे. तिथली त्यांनी घडवलेली म्हैस नीट पाहा. तिच्यापुढे उभे राहिले की ‘मुळांकडे परतणे’ वगैरे शब्द आठवत नाहीत, पाठीचा कणा आणि कातडी यांच्यामधले वजन दिसते. घरच्या मूर्तिकामातून मिळालेला हात आणि शाळेतून मिळालेला शरीररचनेचा अभ्यास या दोन्ही गोष्टी एका माणसात कशा राहू शकतात, हे मी तुम्हाला शब्दांत सांगण्यापेक्षा ती म्हैस बरी सांगेल.

इथून दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. जूनमध्ये परत जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, की महाविद्यालयाने घेतले ते कारखान्याने परत दिले. हे वाक्य ऐकायला चांगले आहे, पण अर्धेच खरे आहे, आणि मीही पाट्या रंगवत असताना तेच म्हणत असे. त्या हट्टापायी मी गरजेपेक्षा सहा महिने जास्त बाहेर राहिलो. तुम्हाला छटा वेगळ्या काढून पाहता येतात, खोडलेल्या जागी काय चुकले याचा संशय येतो, हे कारखान्याने शिकवलेले नाही; ते त्याच दोनशे शीटांनी शिकवले आहे, ज्यांचा तुम्हाला वीट आला. शिवाय गावात जे मिळणार नाही असे बरेच काही तिथे आहे. तेव्हाचे प्राचार्य ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी 1919 च्या सुमारास जे. जे. मध्ये जिवंत मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग सुरू केला तेव्हापासून मुंबईच्या कलाशिक्षणात तो अभ्यास टिकून आहे. तासन्‌तास स्थिर बसणारा माणूस समोर मिळणे ही चैन तुम्हाला पुढे स्वतःच्या पैशाने क्वचितच परवडेल. ग्रंथालय आहे, मोठी जागा आहे, आणि तुमच्याशी न पटणारे वीस समवयस्क आहेत. त्या शेवटच्या गोष्टीचे मोल तुम्हाला आज वाटणार नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. विभागप्रमुखांना भेटण्याआधी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पुनर्प्रवेशाबद्दलचे उत्तर लेखीच मागा. अभ्यासक्रम मधल्या काळात बदलला असेल तर कोणते विषय जास्तीचे द्यावे लागतील तेही त्यातच विचारा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार सुरू झालेल्या श्रेयांक पेढीत, म्हणजे अभ्यासाची क्रेडिट्स जमा ठेवणाऱ्या व्यवस्थेत, मिळवलेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य धरले जातात, तेव्हा तुमचे खाते तिथे उघडलेले आहे का आणि आधीच्या सत्रांचे श्रेयांक त्यात दिसतात का, हे आताच पाहून ठेवा. वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो, तो विसरू नका.

आता तिसरा प्रश्न, तो सर्वांत अवघड आहे. ते पुन्हा विझेल का? होय, विझेल. आयुष्यात तीन-चार वेळा तरी विझेल. ज्यांचे काम आपण आदराने पाहतो त्यांचेही थांबले आहे. अ‍ॅग्नेस मार्टिन या चित्रकार 1967 साली न्यूयॉर्क सोडून निघाल्या, कित्येक वर्षे त्यांनी चित्र काढले नाही, आणि न्यू मेक्सिकोत स्थिरावल्यावर 1970 च्या दशकात पुन्हा सुरुवात करून पुढची तीसेक वर्षे त्या काम करत राहिल्या. आपल्याकडचे चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे मोठे कॅनव्हास 1984 मधल्या अपघातानंतर थांबले, तेव्हा त्यांनी कागदावर शाईने लहान रेखांकने केली. थांबण्याची कारणे प्रत्येकाची वेगळी असतात, आणि सगळीच थांबणी फलदायी असतात असेही नाही. तुमच्या बाबतीत एवढेच सांगता येते, की तुमचे काय झाले होते ते आता तुम्हाला ओळखता येते. दाखवण्यासाठी नसलेले काम शून्यावर आले की तुमचे लक्ष आटते. म्हणून ते शून्यावर येऊ द्यायचे नाही.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा, की परत जाताना एक वही अशी ठेवा, जी कोणत्याही सबमिशनमध्ये जाणार नाही. ती सकाळी वर्गाच्या आधी उघडा. रात्रीसाठी ठेवलीत तर दिवसभराच्या कामाचा थकवा आधी तिच्यावरच येऊन पडेल. अर्धा तास पुरे. एखाद्या शिक्षकाने प्रेमाने ‘हीच वही ज्युरीत लाव, छान आहे’ असे सुचवले, आणि कोणीतरी सुचवेलच, तर नम्रपणे नाही म्हणा. तिची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नका. तिथले आवडल्याचे बदाम हेही लाल शाईचे गुणच आहेत, फक्त ते रात्री-अपरात्रीही मिळत राहतात. बाकीचे काम खुशाल गुणांसाठी करा आणि चांगले करा, त्यात कमीपणा काही नाही. चित्रकार सुधीर पटवर्धन 2005 पर्यंत ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करत होते आणि त्याच काळात त्यांची शहराची आणि कष्टकरी माणसांची महत्त्वाची चित्रे होत होती. दिवसाचा मोठा भाग दुसऱ्या कशाला दिला म्हणून चित्र मरत नाही. स्वतःचा म्हणून राखलेला लहान भागही देऊन टाकला की मरते.

याला जोडून आणखी एक धोका आहे, जो मला तुमच्या पत्राच्या भाषेत आताच दिसू लागला आहे. परत गेल्यावर तुमच्याकडे सांगायला एक आकर्षक गोष्ट असेल: शहरात हरवलेली मुलगी गावी परतली, मातीने तिला जवळ घेतले, आणि तिला तिची रेषा सापडली. ज्युरीला ही गोष्ट फार आवडेल. कलादालनवाल्यांनाही आवडेल. मी परत आल्यावर पाट्यांच्या अक्षरांची मोठमोठी चित्रे केली, त्यांना वर्षाचे पारितोषिक मिळाले, आणि तीन वर्षांत मला त्या अक्षरांचा असा कंटाळा आला की आजही फ्लेक्सच्या दुकानासमोरून जाताना मी मान वळवतो. शिक्षणात पडलेल्या या खंडाचे प्रदर्शन तुम्ही मांडू नका. साच्यांची चित्रे करायची असतील तर साचे पोकळ आहेत म्हणून करा, त्यांच्यातला अंधार अवघड आहे म्हणून करा. त्यांच्यामागे तुमची कहाणी आहे म्हणून करू नका. चौथ्या वर्षी कोणी विचारलेच तर ‘काकांचा कारखाना आहे’ एवढे सांगितले तरी भागते.

दिवाळीपासून होळीपर्यंतच्या काळाबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेला आहात. त्या काळात झोप, भूक आणि माणसांत मिसळणे या तिन्हींवर परिणाम झाला असेल, तर तो नुसता चित्रकलेचा प्रश्न नव्हता, आणि तसे पुन्हा झाले तर वहीवर विसंबून राहू नका, डॉक्टरांकडे जा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक त्यासाठीच आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. विद्यार्थ्यांना चित्रातून बरे होण्याचा सल्ला देऊन मी एकदा मोठी चूक केली आहे, म्हणून हे सांगतो.

राहिला चौथा प्रश्न. वही काकांना जरूर दाखवा, आणि महाविद्यालयातल्या कोणालाही दाखवण्याआधी दाखवा. ते छायाप्रकाशाबद्दल काही बोलणार नाहीत. पण नवव्या पानावर साच्याचे दोन भाग जुळवून त्यांना रबरी ट्यूबची पट्टी बांधलेली तुम्ही काढली आहे, ती पट्टी जोडाच्या रेघेवरून आडवी न जाता रेघेच्या कडेकडेने गेली आहे. अशी बांधली तर साचा धरणार नाही. माझ्या नजरेतून ते पहिल्यांदा सुटले होते. काकांच्या नजरेतून सुटणार नाही, आणि ते बहुधा तुमच्या हातातून पेन्सिल घेऊन पट्टी कुठून जाते ते कागदावरच दाखवतील. घेऊ द्या.